अकरा शिंपल्यांची माळ : युरोक भाषेतील वस्त्र आणि साज

गेली वीसेक वर्षे मी मराठीतील वस्त्रालंकारांचे शब्द जमवतो आहे. बुटांच्या दोन जुन्या खोक्यांत सुमारे अडीच हजार चिठ्ठ्या आहेत. वजरटीक, चिंचपेटी, बुगडी, गोठ, तोडे, वेल. ओचा, काष्टा, निऱ्या, खण, कशिदा. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो कोणी सांगितला, कुठल्या गावी सांगितला, आणि वस्तू प्रत्यक्ष पाहिली की नुसती ऐकली. या शेवटच्या नोंदीकडे अलीकडे लक्ष जाऊ लागले. पहिल्या खोक्यात 'पाहिली' जास्त आहेत, दुसऱ्यात 'ऐकली'. शब्द माझ्या खोक्यात सुखरूप आहेत आणि वस्तू गेल्या आहेत. मग मी नेमके काय राखले, हा प्रश्न मला छळत होता. त्याचे थोडेफार उत्तर जिथे मिळेल असे स्वप्नातही वाटले नव्हते, तिथे मिळाले.

मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे राहायला गेलो असताना आम्ही मोटारीने उत्तरेला युरेका या लहानशा बंदराच्या गावी गेलो. तेथील संग्रहालयात आसपासच्या आदिवासी जमातींच्या टोपल्या आणि नृत्याचे साज मांडले आहेत. एका काचेमागे हरणाच्या कातड्याचा घागरा होता. खालच्या झालरीला शिंपले आणि पाइनच्या बिया ओवलेल्या. चालताना या बिया आणि शिंपले एकमेकांवर आपटून आवाज होतो, तो आवाज हा वेषाचाच भाग आहे, असे माझ्या वाचनात आले होते. काचेमागचा घागरा अर्थातच मुका होता. मला माझी खोकी आठवली. त्या दिवसापासून युरोक लोकांच्या वस्त्रांचे शब्द जिथे मिळतील तिथे वाचत गेलो. त्या वाचनाचा हा लेख आहे.

नदीकाठचे लोक

युरोक लोकांचा प्रदेश म्हणजे क्लॅमथ नदीच्या खालच्या टप्प्याचे दोन्ही काठ आणि तिच्या मुखाजवळची पॅसिफिकची किनारपट्टी. उंच रेडवूड वृक्षांची जंगले, सतत धुके, आणि नदीत सॅल्मन मासा. 'युरोक' हे नाव त्यांचे स्वतःचे नव्हे. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या कारुक लोकांच्या भाषेत 'युरुक' म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूला. शेजाऱ्याने दिशा दाखवली आणि बाहेरच्यांनी तेच नाव कागदावर चढवले. देश, कोकण, घाटमाथा अशा दिशादर्शक नावांनीच माणसे ओळखणाऱ्या आपल्याला यात काही नवल वाटू नये.

नवल वाटावे ते पुढे आहे. युरोक, कारुक आणि हुपा हे तीन शेजारी. घरे, मासेमारी, टोपल्या, नृत्ये, कपडे जवळजवळ एकसारखे; पण भाषा तीन वेगवेगळ्या कुळांतील. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने १९२१ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात संस्कृती आणि भाषा यांच्या सीमा जुळतातच असे नाही हे सांगताना याच तिघांचा दाखला दिला. त्याच सपीरने १९१३ साली मांडले होते की, युरोक आणि तिची शेजारीण वियोट या भाषांचे नाते खंडाच्या पार पूर्वेकडे पसरलेल्या अल्गॉन्कियन भाषांशी आहे. तेव्हा यावर मोठा वाद झाला. १९५८ साली मेरी हास यांनी पुरावा मांडल्यावर तो मिटला. म्हणजे एकच घागरा तीन शेजारणी नेसत होत्या आणि त्याला तीन अगदी परक्या शब्दांनी हाक मारत होत्या.

भाषेच्या ध्वनींबद्दल एकच सांगतो. युरोकमध्ये 'र'च्या वळणाचा एक स्वर आहे. व्यंजनासारखा वाटणारा, पण स्वराचे काम करणारा. आपण वर्णमालेत 'ऋ' शिकतो आणि 'रु' म्हणून मोकळे होतो. जुन्या संस्कृतात तो खरोखर स्वर होता. तसा स्वर क्लॅमथच्या काठी जिवंत आहे.

अंगावरचे शब्द

शब्दांच्या यादीत पहिला येतो 'स्लेक्वोह'. अंगातला सदरा, आणि व्यापक अर्थाने कपडे. 'नोओय' म्हणजे पादत्राण. 'एकाह' म्हणजे टोपी. हे शब्द आजही चालतात. पूर्वी कातड्याच्या जोड्याला होता तो शब्द आज दुकानातल्या बुटाला चालतो. नामाआधी 'ने' लावला की 'माझा' आणि 'वे' लावला की 'त्याचा' किंवा 'तिचा'. हरिणाला म्हणतात 'पूएक', आणि जवळजवळ सगळे अंगवस्त्र त्याच्याकडूनच आलेले. पुरुषांचा रोजचा वेष अगदी कमी. कमरेला गुंडाळलेले कातडे, थंडीत खांद्यावर हरणाच्या कातड्याचे पांघरूण. म्हातारी माणसे उन्हाळ्यात तेवढेही अंगावर ठेवत नसत.

बायकांचा वेष मात्र विचारपूर्वक घडवलेला. पुढे एक अरुंद पदर, मागून येऊन त्याला दोन्ही बाजूंनी वेढणारा रुंद घागरा. कातड्याच्या कडा बारीक कापून केलेल्या झालरी, त्यांवर बेअर ग्रास नावाच्या चिवट, पांढऱ्या गवताची वेणी. त्यात पाइनच्या काळ्या बिया, ॲबलोनीचे मोरपंखी चमकणारे तुकडे. साधा घागरा मेपल झाडाच्या सालीचा. त्याचा मान वेगळा: 'केगे', म्हणजे रोग काढणारी स्त्री-वैद्य, दीक्षेच्या काळात सालीचाच घागरा नेसत असे. गर्भश्रीमंत घरातील मुलगीसुद्धा त्या दिवसांत कातडे आणि शिंपले बाजूला ठेवी. आपल्याकडे सोवळ्याला रेशीम किंवा धाबळी, आणि व्रताला साधे वस्त्र. वस्त्राने अवस्था सांगण्याची रीत दोन्हीकडची.

'एकाह' या टोपीवर थोडे थांबायला हवे. ही टोपी शिवत नाहीत, टोपलीसारखी विणतात. हेझलच्या किंवा विलोच्या काड्यांचा ताणा, त्यावर पांढरे बेअर ग्रास, आणि काळ्या नक्षीसाठी आपल्या हंसराजाच्या जातीतील एका नेच्याचे देठ. तांबड्या नक्षीसाठी दुसऱ्या नेच्याचे तंतू आल्डरच्या सालीने रंगवतात. टोपी शोभेची खरीच, पण तिचे एक कामही होते. पाठीवरच्या ओझ्याच्या टोपलीचा पट्टा कपाळावरून जाई. टोपी असली की तो रुतत नसे. आपल्याकडे डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ असते. चुंबळीला कोणी दागिना म्हटले नाही. युरोक बायकांनी आपल्या चुंबळीला दागिन्याच्या पंक्तीला बसवले.

लायला ओ'नील या संशोधिकेने १९३२ साली युरोक आणि कारुक विणकर बायकांवर पुस्तक प्रसिद्ध केले. तिची रीत त्या काळी निराळी होती. टोपल्यांची छायाचित्रे घेऊन ती चाळीसहून अधिक विणकर बायकांकडे गेली आणि विचारले, यात चांगले काय, वाईट काय? बायका मोकळेपणाने बोलल्या: ही नक्षी टोपीला शोभत नाही, या टोपलीला काळे जास्त झाले. आधीच्या अभ्यासकांनी नक्षीची नावे विचारून त्यांत प्रतीके शोधली होती. एका नक्षीला 'स्टर्जन माशाची पाठ' म्हणतात, तर त्यामागे माशाची काय श्रद्धा असेल? बायकांच्या लेखी ते फक्त नाव होते. आपल्याकडे रुईफुलाची किनार नेसणारी बाई रुईची पूजा करत नसते, तसेच. शब्द जमवणाऱ्याने हा धडा गिरवावा. नाव आणि अर्थ यांच्यामध्ये ती वस्तू करणारे माणूस असते, आणि आपण त्यालाच विचारायचे विसरतो.

चीक

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. तो शब्द 'चीक'. आपल्या झाडाच्या किंवा गाईच्या चिकाशी त्याचा संबंध नाही. चीक म्हणजे डेंटॅलियम. हत्तीच्या सुळ्यासारखा किंचित वाकडा, पांढरा, पोकळ शिंपला, बोटाच्या दोन पेरांएवढा. तो युरोकांच्या किनाऱ्यावर मिळत नसे. पार उत्तरेला, व्हँकूव्हर बेटाच्या समुद्रातून तो हस्ते परहस्ते येई. तो कुठून येतो हे न दिसल्यामुळे त्याच्या कथा झाल्या. माणसांच्या आधी पृथ्वीवर राहणाऱ्या 'वोगे' नावाच्या अमर लोकांच्या कथांत 'पेलिन्चीक', म्हणजे थोर चीक, हा एक पात्र म्हणून वावरतो.

चीक गळ्यात घालत, आणि चिकाने व्यवहारही करत. दोऱ्याची लांबी ठरलेली: अंगठ्याच्या नखापासून खांद्याच्या टोकापर्यंत, साधारण साडेसत्तावीस इंच. या लांबीत शिंपले जितके कमी मावतील तितके ते लांब, आणि तितकी माळ मोलाची. आल्फ्रेड क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञाने १९२५ सालच्या आपल्या कॅलिफोर्नियाविषयीच्या महाग्रंथात हा हिशेब दिला आहे: अकरा शिंपल्यांची माळ पन्नास डॉलर, बारांची वीस, तेरांची दहा, चौदांची पाच, पंधरांची अडीच. अकराच्या माळेचे नाव 'कोह्टेपिस', बाराच्या माळेचे 'नाआपिस'. पहिल्यात 'एक'चे मूळ आहे, दुसऱ्यात 'दोन'चे. म्हणजे प्रतवारीची पहिली, दुसरी. आपण लुगड्याला नऊवारी म्हणतो तसे हे नाव मापावरून पडलेले.

मापही अंगावरच. पुरुषांच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदलेल्या रेषा असत. पाच शिंपले नखाशी धरून हातावर ठेवले की कुठल्या रेषेपर्यंत पोचतात ते पाहून प्रत ठरे. वीत, टीच, मूठ, वाव ही मापे आपल्याही अंगाचीच, पण आपण ती गोंदून घेतली नाहीत. भाषेनेही हे माप पोटात घेतले आहे. युरोकमध्ये संख्यावाचक शब्द मोजायच्या वस्तूप्रमाणे बदलतो. तीन माणसांचा 'तीन' वेगळा, तीन प्राण्यांचा वेगळा, गोल वस्तूंचा, लांब सरळ वस्तूंचा, दोरीसारख्या वस्तूंचा, घरांचा, होड्यांचा वेगळा. अशा डझनभराहून अधिक वर्गांत बोटांच्या पेरांचाही एक वर्ग आहे, आणि तो चिकाची लांबी सांगण्यासाठी. दागिन्याच्या मापासाठी व्याकरणात जागा राखून ठेवणारी भाषा माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

उत्तम शिंपल्यांवर बारीक रेघा कोरत, सापाची पातळ कात गुंडाळत, टोकाला सुतारपक्ष्याच्या तांबड्या तुऱ्याचा झुबका लावत. ठेवायला एल्कच्या शिंगाची कोरीव, नळकांड्यासारखी पेटी. आता हे धन म्हणायचे की दागिना?

दागिना की पैसा

क्रोबरने 'पैसा' म्हटले. ते चूक नाही. लग्नात वधूच्या घरी चीक द्यावा लागे, आणि किती दिला यावर त्या जोडप्याच्या मुलांची प्रतिष्ठा ठरे. कुणाला मारले, कुणाचा अपमान केला, मेलेल्याचे नाव घेतले, तर भरपाई चिकात. पण 'पैसा' म्हटल्याबरोबर पुढची वाट घसरडी झाली. युरोक माणूस म्हणजे पैशामागे लागलेला, चिक्कू, हिशेबी, अशी प्रतिमा ग्रंथांतून उभी राहिली. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन क्रोबरसोबत क्लॅमथवर जाऊन आला, आणि १९५० सालच्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात युरोकांची साठवून धरण्याची वृत्ती बालपणीच्या संगोपनातून कशी येते याचे प्रकरणच आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी ते वाचले.

मला वाटते, हा घोळ एका शब्दाच्या भाषांतराचा आहे. आपल्या घरातील पुतळ्यांची माळ घ्या. ती नाण्यांची केलेली आहे, अडचणीला मोडता येते, लग्नात स्त्रीधन म्हणून मोजली जाते. पण सणावारी ती गळ्यात दिसायला हवी. कपाटातच राहिली तर सासूसुद्धा विचारील. तिला नुसता पैसा म्हणणाऱ्याला आपले घर कळलेले नाही. कवडीचेही तसेच. एकेकाळी तिने बाजार केला, आणि आज ती 'कवडीमोल' या शब्दात आणि तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील माळेत उरली आहे. बाजारातून उठली, देवीपाशी राहिली.

युरोकांचा साज नदीकाठच्या नृत्यांत पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. पांढऱ्या हरणाच्या कातड्यांचे नृत्य आणि उड्यांचे नृत्य ही दोन मोठी, जग सावरण्यासाठीची; आजारी मुलासाठी होणारे झुडुपांचे नृत्य घरगुती. पहिल्यात क्वचितच मिळणारी पांढऱ्या हरणांची कातडी काठ्यांवर नाचवतात. काळ्या-तांबड्या ज्वालाकाचेची लांब पाती हातात धरून मिरवतात. दुसऱ्यात कपाळावर रुंद पट्टा, त्यावर डझनावारी सुतारपक्ष्यांचे तांबडे तुरे एकमेकांना लावून शिवलेले. कुठे सी-लायनच्या सुळ्यांचे मुकुट. एवढे एका घरात नसतेच. नृत्याचा यजमान नात्यागोत्यातून, स्नेह्यांकडून साज गोळा करतो, नर्तकांना घालायला देतो, आणि दिवस सरतील तसा उत्तमातला उत्तम साज बाहेर येतो. ज्याच्याकडे साज आहे त्याने तो द्यायचा. साठवणे हे कर्तव्याचे अर्धे अंग, बाहेर काढणे दुसरे. पुस्तकांत बहुधा पहिलेच अर्धे आले.

युरोक माणसे साजाला जिवंत मानतात. त्याला नाचायचे असते, पेटीत पडून राहिला की तो रडतो, असे ती सांगतात. थॉमस बकली या अभ्यासकाने २००२ सालच्या आपल्या ग्रंथात युरोक माणसांजवळ बसून हे समजून घेतले आणि 'लोभी युरोक' या चित्राची उलटतपासणी केली. पण तिच्याही आधी, १९१६ साली, लुसी थॉम्पसन या युरोक स्त्रीने स्वतः पुस्तक लिहून आपल्या लोकांची बाजू मांडली होती. तज्ज्ञांनी ते पुरेसे ऐकले नाही.

पेटी बंद झाली, पेटी उघडली

१८५० साली सोने शोधणारे क्लॅमथवर पोचले. त्यानंतरची कहाणी अमेरिकेत सर्वत्र घडली तीच: कत्तली, रोगराई, १८५५ साली आखलेले राखीव क्षेत्र, जमिनी गेल्या. १८९० च्या दशकापासून मुले निवासी शाळांत गेली. तिथे स्वभाषा बोलणे हा गुन्हा. घरी आजी 'स्लेक्वोह' म्हणे, शाळेत तोच शब्द उच्चारला की शिक्षा. त्याच काळात संग्राहक फिरत होते. गरिबीच्या दिवसांत साज विकला गेला. शब्दही वह्यांत गेले. क्रोबर १९०० पासून टिपत होता. १९५१ साली लंडनहून आर. एच. रॉबिन्स आला आणि १९५८ साली त्याचे युरोक व्याकरण शब्दसंग्रहासह छापले गेले. वस्तू काचेमागे, शब्द पुठ्ठ्यामागे. लहानपणापासून युरोक बोलत आलेल्या पिढीतील अखेरचे मानले जाणारे आर्ची थॉम्पसन २०१३ साली गेले.

इथे माझ्यासारखा चिठ्ठ्या जमवणारा लेख संपवतो आणि उसासा टाकतो. क्लॅमथवर मात्र तो संपत नाही. जुन्या ध्वनिफिती आणि वह्या बर्कलीच्या विद्यापीठातील प्रकल्पाने शब्दकोशाच्या रूपाने खुल्या केल्या; अँड्र्यू गॅरेट यांचे व्याकरण २०१४ साली आले. जमातीने वडीलधाऱ्यांजवळ तरुण शिक्षक बसवले. आज तिथल्या सरकारी शाळांत मुले ही भाषा विषय म्हणून शिकतात. आणि दुसऱ्या अंगाने साज परतू लागला. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आदिवासी संग्रहालयाने २१७ वस्तू युरोकांना परत केल्या. टोप्या, माळा, कातडी, डोक्यावरचे पट्टे. त्यांतील पुष्कळ १९२० च्या दशकात विकत घेतलेल्या, म्हणजे सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे अंधारात पडलेल्या. त्या परत आल्या त्या दुसऱ्या संग्रहालयात मांडण्यासाठी नव्हे, तर नाचण्यासाठी.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नृत्ये पुन्हा भरू लागली, साज आला, तेव्हा शब्दांना काम मिळाले. कोशात शब्द सुरक्षित असतो. पण अमुक साज कोणाचा, तो आधी कोण घालणार, झालर कशाने ओवायची, हे विचारायची वेळ आली की तो कोशातून उठतो. आणि उलटही खरे. शब्द टिपून ठेवला नसता, तर परत आलेली वस्तू मुकीच राहिली असती. नोंद आणि वापर यांचे भांडण लावण्यात अर्थ नाही. नोंद ही पेटी आहे. एल्कच्या शिंगाची असो वा बुटांच्या खोक्याची, ती उघडण्यासाठी असते.

परतल्यावर मी चिठ्ठ्यांवरची नोंद बदलली. 'पाहिली' आणि 'ऐकली' यांच्या शेजारी तिसरे खाते घातले: 'घातलेली पाहिली'. त्यात फार थोड्या खुणा पडल्या.

आमच्या आईची वजरटीक तिच्या पश्चात बँकेच्या लॉकरमध्ये होती. दरवर्षी भाडे भरत होतो आणि ती सुखरूप आहे या समाधानात होतो. गेल्या मार्गशीर्षात पुतणीचे लग्न झाले. आदल्या दिवशी लॉकर उघडला. लाखेवर बसवलेले मणी, मागचा दोरा जीर्ण झालेला. पटव्याकडून नवा ओवून घेतला. लग्नघरात पुतणीने ती गळ्याशी धरून विचारले, "काका, याला काय म्हणतात?" मी शब्द सांगितला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला आणि मैत्रिणीला सांगायला गेली. चालताना तिच्या हातातल्या चुड्याचा आवाज येत होता.